तिसऱ्या फेरीची मोजणी

माझ्या वहिनी सतरा वर्षं मेलेले आणि जिवंत मोजतायत. रोज सकाळी नऊला प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि बारीक तारेने एकेका कृमीला डिवचायचं. हलला तर जिवंत, तीनदा डिवचून नाही हलला तर वहीत फुली. खसखशीच्या दाण्याएवढा जीव, आयुष्य तीन आठवड्यांचं. वहिनी त्यांना पोरं म्हणतात. बशीत वाढवलेले जिवाणू हे या पोरांचं जेवण. कुठला जिवाणू खाल्ला की म्हातारपण लांबतं, हे शोधण्यात तिथल्या शास्त्रज्ञ मॅडमची अकरा वर्षं गेली. बाई बोलायला तिखट, कामाला वाघ. वहिनींची नोकरी मात्र कंत्राटी, दरवर्षी नवं पत्र.

मॅडमना एक नवा जिवाणू सापडला होता. तो खाणारे कृमी दोन फेऱ्यांत आठवडाभर जास्त जगले. तिसऱ्या फेरीत मात्र बाकीच्यांबरोबरच पटापट मेले. मॅडमनी सगळ्यांदेखत सुनावलं की मोजणाऱ्या बाईंचं लक्ष नव्हतं, यंदा पत्र मिळायचं नाही.

माझं डोकं सटकलं. कंत्राटी कामगारांची संघटना मी चालवतो, कुणाच्या बापाला भीत नाही. बशांवर नुसते आकडे असतात. कुठल्या बशीत कुठलं खाणं हे मोजणारीला ठाऊकच नसतं, मग ती गडबड करणार कशी? एवढं एक वाक्य मोर्चाच्या फलकावर लिहिलं की काम झालं, असं मी वहिनींच्या स्वयंपाकघरात बसून ठणकावलं. दादा मान हलवत होता. वहिनी ओट्यावरची एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "त्या फेरीला निळा दिवा बंद होता. ट्यूब गेली होती."

मला ओ की ठो कळेना. मग त्यांनी समजावलं. बशांत जिवाणू पसरून त्या काचेच्या कपाटात झाकणं उघडी ठेवून वाळवायच्या. नवा जिवाणू सावकाश वाढायचा, म्हणून त्याच्या बशा नेहमी शेवटी. आणि काम संपलं की जंतू मारायला कपाटातला निळा दिवा अर्धा तास लावायचा, हा तिथला नियम. वहिनींनी तो इमानाने पाळला. शेवटच्या बशा तेव्हा आतच वाळत असायच्या. आकडे त्यानंतर दुसरं कुणीतरी चिकटवायचं.

"म्हणजे दोन फेऱ्या पोरांनी मेलेलं खाल्लं. जिवंत जिवाणू म्हातारपणी त्यांच्याच पोटात माजतो, मेलेला कसा माजेल?"

मी हात जोडले. हे बोलायचं नाही, म्हटलं. मोजणी बरोबर ठरेल, पण चूक तुमच्याच हातची निघेल. मॅडमची मेहनत पाण्यात, तुमचं पत्र केराच्या टोपलीत. जन्मात पहिल्यांदा दादाने माझी बाजू घेतली.

"माझी मोजणी खोटी म्हणाल्या त्या," वहिनी म्हणाल्या. "ती खोटी नव्हती."

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या दारात उभा होतो. वहिनी सगळं बोलल्या. मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी एवढंच विचारलं की हे कधी लक्षात आलं. काल संध्याकाळी, वहिनींनी सांगितलं.

नवी ट्यूब बसली. बाकीच्यांचा नेहमीचा जुना जिवाणू आणि नवा जिवाणू, दोन्हींच्या निम्म्या बशा दिव्याखाली, निम्म्या बाहेर. आकडे मॅडमनी स्वतः चिकटवले, कुठला आकडा कशाचा ती यादी कुलपात. मोजायला दुसरं कुणी बसवलं असतं, पण वहिनींसारखा हलका हात कुणाचाच नव्हता. पत्राबद्दल कुणी अवाक्षर काढेना.

तीस दिवस. वहिनी घास हातात घेऊन मधेच थांबायच्या. दादा हळूच विचारायचा, आज किती गेले? मी तोवर फलक रंगवून घेतले.

यादी उघडली तेव्हा मी बाहेर बाकड्यावर होतो. दार उघडंच होतं. दिव्याखालच्या बशांतले जास्त जगले होते, जुना जिवाणू खाणारेसुद्धा. नवा जिवाणू साधाच निघाला. मॅडमनी यादी वहीशी दोनदा ताडून पाहिली.

"तिसरी फेरी खरी होती," त्या म्हणाल्या. "मी बोलले ते चुकलं. उद्या नऊला या. दिव्याचं मी बघेन."

पत्राचं विचारलंत का, मी वहिनींना बाहेर पकडलं. नव्हतं विचारलं. माझं पुन्हा सटकलं.

"फलक ठेवा जपून," त्या म्हणाल्या. "पत्र नाही आलं तर पुढे मीच धरते."

आठवड्याने पत्र आलं. तेही एका वर्षाचंच. फलक माळ्यावर आहेत.