दुसरं इंजिन

रायपूर राजधानी झालं आणि आमच्या बूढापाऱ्याच्या तलावात दोन इंजिनांची मोटरबोट आली. नागपूरचे पाहुणे फिरवता फिरवता तिच्या ड्रायव्हरशी माझी ओळख झाली. माणूस आमच्या मूळ गावाकडचाच, अमरावतीचा. बोलताना वेगाच्या दांड्यावरून हात उचलणार नाही, आणि तिकीटवाल्यांसाठी दुसरं इंजिन लावणार नाही.

"भाऊ, एकावर धीरे चाललो तं पुरी चक्कर होते. दोन्ही तेज केले का तेवढंच डिझेल अर्ध्यात खतम."

हिशोब पटायचा. पण साहेबलोक आले की हाच माणूस दोन्ही इंजिनं अशी पिटाळायचा, की घाटावरच्या बायांचे धुतलेले कपडे लाटेबरोबर तलावात जायचे. तेव्हा डिझेल नाही संपत? विचारलं तर म्हणायचा, "साहेबायची गोष्ट अलग हाय न." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

परवा त्याची बायको पहिल्यांदाच बोटीत बसली. नवी साडी नेसून, रीतसर तिकीट काढून.

"दुसरं बी लावा न, एक डाव," ती म्हणाली.

"ते आपल्यासाठी नाई."

ती उठली, तिनंच दुसऱ्या इंजिनाची चाबी फिरवली आणि त्याचा दांडा पुढे ढकलला. बोट उसळली, पाणी अंगावर उडालं, ती खळखळून हसली. आम्ही बाकीचे तिकीटवालेही हसलो.

त्यानं झटक्यात इंजिन बंद केलं. बायको अजून हसतच होती, पण त्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही. साहेबांच्या गाड्या लागतात त्या घाटाकडे तो घाबरून पाहत होता.

घाट रिकामा होता.