ज्याचं ऐकू येतं तो शेजारी

ऑफिसात त्यांना सगळे शेजारीणबाई म्हणत, आणि त्यात कौतुकापेक्षा चेष्टाच जास्त असे. पंधरा वर्षं इमारतींचे नकाशे काढून झाल्यावर, चाळिशी उलटता उलटता बाई प्रोग्रॅमिंग शिकल्या. शिकून गप्प बसावं की नाही? नाही. त्यांनी स्वतःची एक भाषाच रचली!

त्या भाषेत एकट्यादुकट्या यंत्राला हुकूम देताच येत नसे. सगळा कारभार शेजाऱ्यापाजाऱ्यांवर. इमारतभर छोटे दिवे बसवायचे आणि प्रत्येकाला एवढंच सांगायचं: शेजाऱ्यांना त्यांचे आकडे विचार, सगळ्यांत लहान आकड्यात एक मिळव, तो तुझा आकडा, आणि तुझा बाण त्या लहान आकडेवाल्याकडे वळव. बाहेरच्या दाराजवळचा दिवा शून्य. बस्स. नकाशा कुणाकडेच नाही, तरी आग लागली की बाणांमागून माणूस दाराबाहेर पोचणार. हे समजावताना बाईंचा चष्मा नाकावर घसरे. "जागेचा आकार शेजारावरून कळतो हो! लांबीरुंदी गेली उडत!"

सहा वर्षं हे ऐकून साहेबांचे कान किटले होते. शेवटी त्यांनी एका रुग्णालयाचा नवा, अजून रिकामा मजला मिळवला, दोनशे बारा दिवे बसवले आणि बजावलं, "आज चार वाजता इथल्या मोठ्या सिस्टर बघायला येताहेत. जमलं तर तुमची भाषा सगळ्या मजल्यांवर. नाहीतर ती गुंडाळायची, आणि तुम्ही परत नकाशे काढायला."

अकरा वाजता बाईंनी चाचणी घेतली. बाण हिरवे झाले, आणि बाई त्यांच्यामागून तुरुतुरु निघाल्या त्या थेट एका खिडकीशी येऊन थडकल्या. खिडकीखाली चार मजले खोल मोकळा चौक. पलीकडच्या खिडकीत दुसरा दिवा मजेत लुकलुकत होता, आणि बाण सांगत होता, इकडून जा.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मजला बांगडीसारखा होता, मधे भोक आणि भोवती बोळ. पण चौकाच्या दोन्ही काठांवरच्या दिव्यांना रेडिओवरून एकमेकांचं छान ऐकू येत होतं, त्यामुळे त्यांच्या लेखी ते भोक नव्हतंच. चूक कुठे होती तेही बाईंना लगेच उमगलं. भाषेची पहिलीच ओळ त्यांनी सहा वर्षांपूर्वी घरी, स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून लिहिली होती: ज्याचं ऐकू येतं तो शेजारी.

तेवढ्यात फोन वाजला. मोठ्या जाऊबाई. त्या बाईंच्याच इमारतीत, डक्टच्या, म्हणजे मधल्या उघड्या पोकळीच्या, पलीकडे राहत. स्वयंपाकघरं समोरासमोर, जिने मात्र वेगळे.

"काय गं, झाली का तुझी परीक्षा?"

"कसली होतेय! घोळ झालाय नुसता." बाईंनी एका दमात सगळं सांगितलं.

"ऐकू येतं म्हणून शेजारी?" जाऊबाई फणकारल्या. "अगं, तुझ्याकडे चमचा पडला तरी मला ऐकू येतो. पण मी बाथरूममध्ये घसरले तेव्हा खिडकीतून आलीस का? तीन जिने उतरलीस, तीन चढलीस, तोवर माझं अर्धं रडून झालं होतं. त्याला वर्ष झालं. त्यानंतर तुझा आवाज तेवढा येतो."

बाईंना ते शब्द लागले. आणि पुढच्याच क्षणी त्या ओरडल्या, "जाऊबाई, तुम्ही सोनं आहात सोनं!" आणि फोन ठेवला.

पहिली ओळ त्यांनी खोडली. नवी लिहिली: जिथून चालत येता येतं तो शेजारी. माणूस जवळून गेला की उजळायची सोय दिव्यांत होतीच. मग एका दिव्यापुढून गेलेलं पाऊल लगेच ज्या दिव्यापुढे पडेल, तो त्याचा शेजारी. पण पावलं आणायची कुठून? बाईंनी पदर खोचला. बारा ते तीन त्या एकट्या चालल्या, प्रत्येक बोळ, प्रत्येक खोली, जाऊन-येऊन. टाचांना फोड आले. त्यांना त्याचं काही नव्हतं, त्या हसत होत्या!

चार वाजता मोठ्या सिस्टर आल्या. कपाळाला आठी. त्या सरळ गेल्या आणि बोळातलं मधलं दार धाडकन लावून टाकलं. साहेबांचा चेहरा पडला.

पण चौकटीला खटका होता, दार लागल्याचं दिव्यांना कळवणारा. दार लागताच त्याच्या दोन बाजूंच्या दिव्यांचा शेजार तुटला. आकडे चढत गेले, आणि एकामागून एक, साऱ्या बोळभर, बाण उलटे फिरले. सिस्टर त्यांच्यामागून निघाल्या. सकाळच्या त्या खिडकीपाशी त्या थांबल्या. बाण बोळाकडेच होता. पूर्ण चौकाला वळसा घालून सिस्टर बाहेरच्या दाराशी पोचल्या. वळल्या तेव्हा आठी गेली होती.

"सगळ्या मजल्यांवर लावा," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी बाई घरी आल्या. स्वयंपाकघराची खिडकी उघडीच होती, पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. तोंडाशी आलेली हाक त्यांनी गिळली. फोडांसकट तीन जिने उतरल्या, तीन चढल्या आणि बेल दाबली.

जाऊबाई गुडघा धरत दाराशी आल्या आणि बघतच राहिल्या. "अगं, खिडकीतून ओरडली असतीस तरी कळलं असतं की मला!"

"कळलं असतं हो," बाई धापा टाकत म्हणाल्या, "पण मग मी शेजारीण कसली?"