फोटोखालची मापं

टेलरताईंची कात्री कधी चुकायची नाही, पण त्या आठवड्यात त्यांनी चक्क एक बाही उलटी जोडली. चित्त थाऱ्यावर असेल तर ना! तेरा वर्षांची लेक तीन दिवस "पोट दुखतंय" म्हणून शाळा बुडवत होती. पोट काही दुखत नव्हतं, हे न कळायला आई काय दुधखुळी होती?

सगळा संशय पोरीच्या फोनवर. तसा तो ताईंनी आधीच जखडून ठेवला होता. अनोळखी नंबर बंद, व्हिडिओ दिवसातून एकच तास. शेजारणींना तोऱ्यात सांगायच्या, "आजकाल आईनं डोळ्यांत तेल घालून राहावं लागतं गं बाई!" चौथ्या दिवशी पोर अंघोळीला गेली तशी त्यांनी फोन पुन्हा उपसला. मेसेज पाहिले, फोटो पाहिले. काही म्हणजे काही नाही. जीव आणखीच टांगणीला लागला. मशीनवर बसायच्या, दोन टाके घालायच्या, उठायच्या, उगाच दार उघडून बघायच्या.

शेवटी राहवेना. "कोणी त्रास देतंय का? खरं सांग, नाहीतर मी आत्ता शाळेत जाते."

"नको!" पोर किंचाळलीच. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "वर्गात मला अठ्ठावीस म्हणतात. माझ्या बाकावर खडूनं लिहून ठेवतात."

"अठ्ठावीस? हे काय नवीन खूळ?"

"माझी कंबर, आई."

ताईंना आपल्या दुकानाचं फोनवरचं पान आठवलं. नवा फ्रॉक शिवला की तो लेकीला घालायचा, फोटो काढायचा आणि दुकानाच्या पानावर टाकायचा, हा त्यांचा शिरस्ता. खाली सगळी मापं, गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर लिहितात तशी: उंची, खांदा, कंबर. बायकांना सोपं जायचं. "हाच शिवा, कंबर दोन इंच कमी." त्या बायकांत वर्गातल्या मुलांच्या आया होत्या, आणि आयांचे फोन निम्मा वेळ मुलांच्याच हातात असतात, हे या शहाण्या बाईला सुचलंच नाही.

"अगं, मला आधी सांगायचंस ना!"

"दोनदा म्हटलं, फोटो टाकू नकोस. तू म्हणालीस, नखरे पुरे." पोर रडत नव्हती, तेच ताईंना सोसेना. "माझा फोन तू रोज तपासतेस. तुझा कोण तपासतं?"

ताईंनी आपला फोन उघडून लेकीच्या हातात दिला. "तूच काढ. सगळे."

"पोरांनी आधीच उतरवून घेतलेत."

"तरी काढ. उद्या मी तुझ्या वर्गाच्या बाईंना भेटते. तू म्हणालीस तरच."

पोर दोन वर्षांचे फोटो एकेक करून काढत गेली. मध्येच गिऱ्हाइकाचा फोन आला, तो तिनंच कापला. एका पिवळ्या फ्रॉकपाशी तिचं बोट थांबलं.

"हा मला खूप आवडायचा," ती म्हणाली, आणि तोही काढून टाकला.