अँटेना पूर्वेकडे वळली तेव्हा

मंडळी, आज जानेफळला आमच्या गच्चीवर उपग्रहाचा माग घेणारी अँटेना पहिल्यांदाच चालवली. तिकडे रोहिणखेडला माझा मित्र शरद अंथरुणाला खिळलेला आहे. फोनवर आम्ही रोजच बोलतो, पण उपग्रहामार्फत रेडिओवर बोलायची त्याची जुनी हौस.

उपग्रह पश्चिमेला उगवला आणि अँटेना वळली पूर्वेकडे.

"उलटी काऊन फिरून राह्यली हे?" बायकोनं विचारलं.

अँटेना फिरवणाऱ्या मोटरच्या कंट्रोलरमध्ये मी उत्तर दिशाच चुकीची भरली होती. उपग्रह दहा-बारा मिनिटांत मावळणार, आता दुरुस्तीला वेळ नव्हता. अँटेना मोटरवरून सोडवली. बायको मोबाइलवर पाहून दिशा सांगत गेली, मी हातानं वळवत गेलो.

खरखरीतून शरदचा आवाज आला, "आला का बे? मले वाटलं, राहिलं आजचं."

नंतर कंट्रोलर नीट केला. तेवढ्यात शरदचा फोन आला, "उद्या कितीले येते तो उपग्रह?"

किती महिन्यांनी त्यानं उद्याचं काही विचारलं.