सात नंबरची पाटी

माझा दादा अकरा वर्षं चर्चमध्ये खोटं गायला. गीतपुस्तक उघडायचा, ओठ हलवायचा, आवाज काढायचा नाही. त्याआधी हाच माणूस गायला लागला की मागच्या बाकावर डुलक्या काढणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा जाग्या व्हायच्या. विचारलं की म्हणायचा, "घसा बसलाय." अकरा वर्षं बसलेला घसा मी तरी दुसरा पाहिला नाही.

खरं कारण आता मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. ताकास तूर लागू न देण्याचा खेळ आमच्या घरात पुरे झाला.

दादा आणि माझे हे एकाच पावाच्या कारखान्यात. दादा पाळीचा मुकादम, हे पीठ लाटायच्या यंत्रावर. त्या यंत्राचे दोन जाड रूळ धुवायचे असले की आपल्या नंबरची पत्र्याची पाटी बटणावर अडकवायची आणि मगच हात आत घालायचा. ज्याची पाटी, त्यानेच काढायची. खुद्द साहेब आला तरी त्याने हात लावायचा नाही. ह्यांचा नंबर सात. त्या आठवड्यात धुणं उरकल्यावर पाटी तशीच बटणावर ठेवून हे दोनदा घरी आले होते. तिसऱ्या दिवशी पाळी संपताना दादाला बटणावर सात नंबर दिसला. त्याने वैतागून एकदा हाक मारली. भट्टीच्या पंख्यांच्या घरघरीत उत्तर काही आलं नाही. गेला वेंधळा घरी, असं म्हणत त्याने पाटी काढून खिशात टाकली आणि बटण दाबलं. हे यंत्राच्या पलीकडच्या बाजूला वाकलेले होते.

उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्या धावपळीत दादाने पाटी खिशातून काढून भिंतीवरच्या तिच्या नेहमीच्या खिळ्याला लावून टाकली. चौकशीला आलेल्यांना ती तिथेच सापडली. पाटी खिळ्यावर, म्हणजे कामगार ती लावायला विसरला, इतकं सरळ. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "लावली होती असं वाटतंय. पण विसरलोही असेन." दादा दवाखान्यातल्या खाटेशेजारीच उभा होता, मूग गिळून.

तेव्हापासून हे कारखान्याच्या फाटकावर बसतात, येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं डाव्या हाताने लिहून घेतात. नवा कामगार आला की त्याला हात दाखवायचे, "माझ्यासारखं विसरू नका रे." आणि मी? माझ्या जिभेला हाड नाही. छत्री राहिली, किल्ली राहिली की चारचौघांत विचारायचे, "पाटी विसरलात, आज काय विसरलात?" हे हसण्यावारी न्यायचे. रविवारी मात्र पहिल्या बाकापाशी उभं राहून छाती भरून गायचे. देवाच्या कृपेची साक्ष द्यायची वेळ आली की सांगायचे, चूक माझी होती, आठ बोटं देवाने राखली. शेजारी दादा, खाली मान घालून.

यंदा उपकारस्तुतीच्या रविवारी गीत सुरू करायला कुणी नव्हतं. नेहमीचा गायक दुसऱ्या गावी राहायला गेला होता. चर्चच्या मंडळीच्या बैठकीत ह्यांनीच दादाचं नाव सुचवलं. "माझ्या अपघाताने त्याचं गाणं गेलं," हे म्हणाले, "आता परत येऊ दे." पाळकांनी नाव लिहूनही घेतलं. दादाचा चेहरा पांढराफटक पडला, आणि मला वाटलं, हा लाजला.

त्या आठवड्यात तो तीनदा आमच्याकडे आला. बसायचा, पाणी प्यायचा, ह्यांच्या हाताकडे बघायचा आणि उठून जायचा. शनिवारी मी दारातच अडवलं.

"उद्या नीट गा. नखरे पुरे झाले."

"समजा, मी तुला नकोसा झालो तर?"

"तो तर तू लहानपणापासूनच आहेस."

तो हसला नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण मी तिला हुसकून लावलं.

रविवारी तो समोर उभा राहिला. पियानोवालीने सुरुवातीच्या ओळी वाजवल्या. दादा गप्प. तिने पुन्हा वाजवल्या. तरी गप्प. शब्द विसरला असेल म्हणून मी पहिली ओळ हळूच म्हणूनही दाखवली. त्याने पुस्तक मिटलं.

"मला गाता येत नाही," तो म्हणाला. "सात नंबरची पाटी लावलेली होती. ती मी काढली."

मग त्याने सगळं सांगितलं. खिसा, खिळा, चौकशी. आवाज इतका बारीक की पुढे वाकून ऐकावं लागत होतं. "देवाला मी हे रोज सांगतो," तो म्हणाला. "त्याला सांगणं सोपं होतं. तो माझ्या शेजारच्या बाकावर बसत नव्हता."

हे उठून उभे राहिले. मला वाटलं, आता दादाच्या अंगावर जातात.

"म्हणजे मी लावली होती?"

"लावली होती."

"नक्की?"

"माझ्या खिशात होती, भाऊजी."

हे खाली बसले. मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "ऐकलंस?"

दादाचा गळा धरावा असं मला वाटत होतं, पण ह्यांच्या नजरेने मला जागेवरून हलू दिलं नाही. अकरा वर्षांत मी काय काय बोलले होते, ते सगळं एकदम आठवलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पाळक उठले, घसा खाकरला, म्हणाले, "गीत दुसऱ्या कुणीतरी सुरू करावं."

"त्यालाच करू द्या," हे बसल्या जागेवरून म्हणाले. "स्तुती त्याची थोडीच करायची आहे." मग दादाला म्हणाले, "आपलं काय ते बाहेर बोलू. कारखान्यात उद्या तूच सांगायचंस."

"सांगतो."

"मग कर सुरू."

बाहेरचं ते बोलणं पुढे चार महिने चाललं, दादाची मुकादमीही गेली. त्या सकाळी माफ कुणीच कुणाला केलं नव्हतं.

दादाने सूर लावला. आवाज फाटला, खाली घसरला, पियानोवालीला त्याच्यामागे धावावं लागलं. पण आवाज होता. पहिलं कडवं तो एकटाच गायला, डोळ्यांतून पाणी गळत होतं ते न पुसता. दुसऱ्या कडव्याला हे उठले आणि नेहमीसारखे छाती भरून गायला लागले. बाक, भिंती, माणसं, सगळी मंडळी त्यांच्या सुरामागे गेली. माझ्याच घशातून काही येईना. शेवटी मी ह्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"माझंही चुकलं हो. सगळं."

ह्यांनी पुस्तकावरची नजर काढली नाही.

"माहीत आहे मला," म्हणाले. "आता गा."