मार्कसचं डोकं

वर्षाचा फोन आला तेव्हा मी लीड्सच्या हॉस्पिटलात राउंडवर होते. "ताई, मार्कस गेला," एवढंच म्हणाली. वर्षा माझी धाकटी बहीण, मार्कस तिचा नवरा. हृदय बंद पडलं. पन्नाशीही गाठली नव्हती त्यानं...

तरुणपणी तो अमेरिकेत तिथला फुटबॉल खेळायचा, पगारी खेळाडू म्हणून. त्या खेळात माणसं माणसांवर आदळतात, आणि मार्कसचं काम पहिल्या रांगेत उभं राहून आदळण्याचं. गुडघे गेले, करार संपला, मग प्रशिक्षक म्हणून इंग्लंडात आला आणि वर्षाच्या प्रेमात पडला. आमच्या नानाकाकांनी आधी तोंड वाकडं केलं. पण दिवाळसणाला जावई पाटावर बसला, पाट दिसेनासा झाला आणि काका खूश! मग लेस्टरमधल्या आपल्या लोकांच्या प्रत्येक लग्नात ते त्याला मिरवत. "हा दारात उभा राहिला की दार लावायला नको," म्हणत. वाढणाऱ्या बायका पुरणपोळीवर तूप ओतत आणि तो "बास, ताई, बास" म्हणत खात राही.

शेवटची काही वर्षं तो दिवसाही पडदे ओढून बसे. उजेड सोसवेना. स्वतःच्या गल्लीत रस्ता चुके. एकदा या शांत माणसानं चहाचा कप भिंतीवर फेकला आणि तुकडे वेचताना रडला. बरोबरीचे खेळाडू एकेक करून हृदयविकारानं जात होते. तशी बातमी आली की म्हणे, "ताई, इट्स नॉट जस्ट अवर हार्ट्स." खेळात डोकी आदळून मेंदूचं काय होतं ते शोधणाऱ्या अमेरिकेतल्या संशोधकांना आपल्यामागे मेंदू द्यायचा, हे त्यानं वर्षाकडून कबूल करून घेतलं होतं.

आणि भेटायला आलेले लोक काय म्हणाले? एवढा देह, खाणं तसंच, हृदय कुठवर ओढणार! मला संताप आला, अजून येतो. ज्या देहाला मिरवलंत, तूप वाढलंत, त्यालाच आता दोष देता?

नानाकाका म्हणाले, "अगं, देह अख्खा अग्नीला द्यावा. मेंदू काढून कसले अंत्यसंस्कार?"

"काका, तुम्ही मोठे आहात, पण हे मार्कसनी डिसाइड केलंय," वर्षा म्हणाली. "आणि अख्खा कुठे होता तो? इतकी वर्षं मी बघितलंय ना."

काका उठून गेले. अंत्यसंस्कारांना आले, पण आमच्याशी बोलले नाहीत. न बोलोत. मी वर्षाच्या शेजारी उभी राहिले आणि पुन्हा वेळ आली तरी तिथंच उभी राहीन.

परवा तिच्याकडे गेले. थंडीनं खोबरेल गोठलेलं, म्हणून बाटली रेडिएटरवर ठेवलेली. डोकं ठणकायला लागलं की मार्कसला तिच्या हातचं कोमट तेल लागायचं. एवढा धिप्पाड माणूस तिच्या पायांशी जमिनीवर बसून डोळे मिटायचा...

"उचलून ठेवू का?" मी विचारलं.

"राहू दे." तिनं बाटली हलवून पाहिली. तेल वितळलं होतं. "रिपोर्टला मंथ्स लागतील म्हणाले. ताई, मी ते डोकं तपासायला दिलंय. सोडलेलं नाहीये."