मन्सूर मिस्त्री आणि डाव्या स्टेअरिंगची गाडी

आर्णीच्या बसस्टँडमागं मन्सूर मिस्त्रीचं गॅरेज होतं. ट्रॅक्टर, जीप, थ्रेशरचं इंजिन, जे येईल ते तो उघडायचा आणि बहुतेक वेळा पुन्हा जोडायचाही. पण कापसाचे भाव बसले त्या वर्षांत लोकांनी गाड्या दुरुस्त करणंच सोडलं. बिघडलेला ट्रॅक्टर गोठ्याशेजारी तसाच उभा राहायचा, त्याच्या सीटवर कोंबडी अंडं घालायची. मन्सूरचा मेहुणा शहजाद हैदराबादेत एका मोठ्या गॅरेजात होता. तो दर जुम्याला फोन करायचा, निघून ये, जागा आहे म्हणायचा. मन्सूरला जायचं नव्हतं. आर्णी सोडून माणसाला झोप कशी लागत असेल, हेच त्याला उमजत नव्हतं. त्याची बायको रशीदा म्हणायची, "तिथंबी खाटाच असतात लोकायच्या घरी."

अशात कमलाकरभाऊंनी ती गाडी आणली. भाऊ बँकेतून निवृत्त झालेले, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्यात भागीदार. कुठल्याशा परदेशी कंपनीचं धरणाचं काम संपलं, तिनं सामान लिलावात काढलं, त्यातली ही पिकअप. पुढं केबिन, मागं उघडा हौदा, आणि रुंदी अशी की बाजारात शिरली तर दोन्हीकडचे दुकानदार आपापल्या टोपल्या आत ओढायचे. स्टेअरिंग डाव्या बाजूला. जिथं टेम्पो जात नाही त्या तांड्यांवरून कापूस उचलायचा, असा भाऊंचा बेत.

"चालवशील?" भाऊंनी विचारलं.

"जीप चालवतो नं, भाऊ."

"मी जीपचं नाही विचारत आहे."

मन्सूरनं गाडीभोवती एक चक्कर मारली. "चाकं तं चारच हायेत."

ठरलं असं, की धावजी तांड्यावरून एक खेप कोरडी आणायची. जमलं तर गाडी मन्सूरच्या हाती कायमची. नाही जमलं तर नागपूरचा एक ड्रायव्हर भाऊंनी पाहून ठेवलेला होता, आणि मन्सूरला हैदराबाद.

दिवाळी होऊन गेली तरी अवकाळी पाऊस पाठ सोडत नव्हता. डांबरी रस्त्यावर गाडी नावेसारखी चालली. रस्ता सोडून काळ्या मातीत उतरली आणि तिचा स्वभावच पालटला. पुढून ती हत्तीसारखी शांत, आणि मागचा रिकामा हौदा मात्र वरातीतल्या घोड्यासारखा नाचायला लागला. ब्रेक मारला तर शेपूट पुढं यायला पाहायचं. शेताच्या बांधावर, धुऱ्यावर चढली तर पुढची चाकं पलीकडं, मागची अलीकडं आणि पोट मध्ये धुऱ्याला टेकलेलं. नाल्याच्या उतारावर त्यानं छोटा गिअर टाकला, तर ती ब्रेकवर पाय नसतानाही, आपल्या मनानं, एकेक बोट खाली सरकू लागली. गाडी थांबत नाही तर भीती वाटते, हे त्याला ठाऊक होतं. गाडी आपणहून सांभाळून चालते याची भीती वाटावी, हे नवीन होतं.

तांड्यावर सुखीबाईचा कापूस होता. सुखीबाई तांड्यातली वयस्क बाई, जीभ कैचीसारखी; सगळे तिला याडी, म्हणजे आई म्हणत. घरात कापसाचा ढीग आढ्याला टेकलेला, ती स्वतः बाहेर ओसरीत झोपत होती. तिनं गाडी पाहिली नि म्हणाली, "अरे मिस्तरी, हे गाडी हाये का पाण्याची टाकी?"

"याडी, तू कापूस भर. लवकर."

"आणि तू उलट्या बाजूनं कायले बसला?"

"गाडीच उलटी हाये."

तुडवून तुडवून कापूस भरला, दोर आवळले. परतताना गाडी नाल्यात उतरली आणि मन्सूरनं तेच केलं जे इकडचा कोणताही ड्रायव्हर करतो. चिखल दिसला की बैलगाडीच्या खाचा धरायच्या. वर्षानुवर्षं बंड्या जाऊन तिथली माती दबलेली असते. जीपची चाकं त्या खाचांत बसतात, म्हणून हे कोणाला शिकवावं लागत नाही. पण ही गाडी बंडीपेक्षा हातभर रुंद. डावं चाक खाचेत गेलं, उजवं बाहेरच्या ओल्या उंचवट्यावर चढलं, आणि गाडी कापसासकट एका कुशीवर झुकली. मागची चाकं गरगरा फिरली, चिखल उडाला, गाडी होती तिथंच राहिली.

तांडा धावत आला. मन्सूर ओरडला, "माल उतरवा! हलकी करा!" बंडी फसली की आधी ओझं उतरवतात, त्यात विचार कसला करायचा? अर्धा कापूस ताडपत्रीवर आला. मन्सूरनं पुन्हा रेस दिली. मागचं चाक आणखी मोकळं फिरलं आणि आणखी खाली गेलं.

तो उतरून चाकाकडं बघत राहिला. "हलकी केली तं जास्त बसते. हे काय होय?"

"तुह्याच गाडीले विचार," सुखीबाई म्हणाली. तेवढ्यात तिच्या हातावर थेंब पडला. तिनं वर पाहिलं आणि तिचा आवाजच बदलला. "मिस्तरी, माहा कापूस भिजला तं तुले याच नाल्यात गाडीन."

मग कोणी कोणाचं ऐकलं नाही. बायांनी कापूस पुन्हा हौद्यात फेकला, वर ताडपत्री ओढली, आणि ती वाऱ्यानं उडू नये म्हणून सुखीबाईसकट सगळ्या वर चढून बसल्या. मन्सूरनं छोटा गिअर टाकला. गाडी थोडी मागं नेऊन खाचेत नीट घालावी, असं त्याच्या मनात होतं. पण डाव्या बाजूला बसून उजव्या चाकाचा अंदाज चुकला, क्लचवरचा पाय सुटला, आणि गाडी खाच सोडून थेट बाजूच्या तरोट्याच्या दाट झुडपांत घुसली, जिथून कधी कोणी बंडी नेली नव्हती. मागचा हौदा वजनानं दबला. चाकांनी झाडोरा चेपला, पकडला, आणि गाडी कण्हत कण्हत काठावर चढली. वरून बायांच्या किंकाळ्या आणि त्यातच हसणं.

काठावर मन्सूरनं इंजिन बंद केलं. ताडपत्री दोरानं बांधून बाकीच्या बाया उतरल्या, सुखीबाई मात्र कापसाबरोबर वरच बसून राहिली. आपण काय केलं, हे त्याला सांगता आलं नसतं.

जिनिंगच्या आवारात ताडपत्री निघाली तेव्हा कापूस कोरडा होता. भाऊंनी खाली, मधून, कोपऱ्यातून मूठ घालून पाहिली. "कसं काढलंस?"

"आमी वर बसलो म्हणून निघाली," सुखीबाई म्हणाली.

"भाऊ, मले नाही समजलं," मन्सूर म्हणाला. "मी तिले खाचेत घालत होतो, ते बाहेर पळाली अन् निघाली."

"म्हणजे चुकून."

"असंच दिसते."

भाऊंनी चष्मा काढून पुसला. चुकून जमलेलं काम जमलं म्हणायचं का, हे त्यांच्या बँकेत कधी कोणी विचारलं नव्हतं. "उद्या पुन्हा जा," ते शेवटी म्हणाले. "मी बसतो शेजारी."

दुसऱ्या दिवशी ऊन होतं, चिखल तोच. सुखीबाईला घरी सोडायचं होतं, म्हणून ती मन्सूरनं वजनासाठी भरलेल्या सरकीच्या पोत्यांवर हौद्यात बसली. भाऊ उजवीकडं, जिथं ड्रायव्हर असायला हवा तिथं, रिकाम्या हातांनी ताठ बसले. नाला आला. मन्सूरचे हात आपोआप खाचांकडं वळले. त्यानं ते ओढून धरले, मनाविरुद्ध, जसं उतारावर बैल आवरावा तसं. खाचा सोडून त्यानं तरोट्यात गाडी घातली. भाऊंनी डोळे मिटले. पोत्यांचं वजन मागच्या चाकांवर बसलं, गाडी एकदा कुरकुरली, आणि पलीकडच्या काठावर गेली.

"झालं?" भाऊंनी डोळे न उघडताच विचारलं.

"झालं वाटते."

भाऊंनी तिथूनच नागपूरच्या ड्रायव्हरला फोन लावला आणि येऊ नको म्हणून सांगितलं. का म्हणून त्यानं विचारलं असावं, कारण भाऊ बराच वेळ नुसतं "अरे ते... तसं नाही... म्हणजे खाचा..." करत राहिले आणि शेवटी फोन ठेवून दिला.

जुम्याला शहजादचा फोन आला. येत नाही, इथंच काम लागलं, मोठी गाडी आहे, मन्सूरनं सांगितलं. शहजाद हसला. "चालवता येते काय तुले ते?"

मन्सूरनं दारातून गाडीकडं पाहिलं.

"दोनदा तं आली," तो म्हणाला.